धरण भरले, पण तळ्याचे काय?

पावसाळ्यात अमरावतीच्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज असतो: अप्पर वर्धा धरण किती टक्के भरले. तेरा दरवाजे उघडले की धरणावर, सिंभोऱ्याला, जत्रा लोटते. दरवाजे बंद झाले की चर्चाही थांबते, ती थेट उन्हाळ्यातल्या टंचाईपर्यंत. मधल्या महिन्यांत या पाण्यावर आणि काठावर जे घडते, त्याची नोंद कुठल्याच टक्केवारीत होत नाही.

मुलताईला उगम पावणारी वर्धा नदी मोर्शीजवळ अडवून उभा राहिलेला हा जलाशय म्हणजे नल-दमयंती सागर. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटते, पातळी उतरू लागते आणि बुडालेली जमीन हळूहळू वर येते. या ओल्या गाळावर हरभरा, टरबूज पिकवणाऱ्यांना ती गाळपेर म्हणून ठाऊक आहे. काठाच्या उथळ पाण्यात वनस्पती वाढतात आणि त्यांच्यामागे चक्रवाक, तलवार बदकांसारखे हिवाळी पाहुणे येतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब असल्याच काठांवर कोवळे हिरवे कोंब खुडतात. उन्हाळ्यात नदी सुरय उघड्या खडकाळ जमिनीवर, नुसत्या उथळ खळग्यात अंडी घालते. खड्यांच्याच रंगाची ती ठिपकेदार अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. एक ट्रॅक्टर फिरला, कुत्र्यांची टोळी आली, की त्या वर्षीची वीण संपली.

कायद्याला मात्र हे तळे दिसत नाही. 2017 च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. वास्तविक 2020 मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेले नांदूर मध्यमेश्वर हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यातूनच जन्मले. अभयारण्य म्हणून त्याची काळजी घेतली गेली, म्हणून तो मान मिळाला. मोर्शीच्या तळ्याची जबाबदारी पाटबंधारे खात्याकडे, आणि त्या खात्याने पाण्यापलीकडे काही मोजावे अशी सक्ती नाही.

पाण्यावर हक्क सांगणारे मात्र पुष्कळ. अमरावती शहर सुमारे 55 किलोमीटर लांबून इथलेच पाणी पिते. नांदगाव पेठच्या औष्णिक प्रकल्पाला वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. तो विरोध रास्तच होता. दुसरीकडे, धरणाला लागून असलेल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल इतके खोल गेले आहे की बोअर आठशे-हजार फुटांवर नेऊनही कोरडे निघतात. बागांमधली खते आणि फवारणीची औषधे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत उतरतात. पायथ्याशी एवढा मोठा साठा असताना वरच्या पट्ट्यात पाणी जिरवण्याची कामे आधी व्हायला हवी होती. त्यातून धरणात येणारा गाळही अडला असता.

आणि ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या? मोर्शीत महिनोन्महिने आंदोलन करूनही कुणी दाद देईना, म्हणून 29 ऑगस्ट 2023 रोजी अप्पर वर्धाचे धरणग्रस्त मुंबईत मंत्रालयात शिरले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर उतरले. तळ्याच्या भविष्याची कुठलीही योजना या माणसांना वगळून आखणे हा दुसरा अन्याय ठरेल. गाळपेर जमिनीवर पहिला हक्क त्यांचाच असावा. अट एकच: पाण्याच्या कडेला रासायनिक फवारणी नको आणि विणीच्या जागांवर नांगर नको. मासेमारीवर जगणाऱ्या भोई कुटुंबांनाही या आखणीत स्थान हवे, कारण कुठल्या कोपऱ्यात पाणी कधी आटते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर कालवा सल्लागार समिती बसते आणि पाणी वाटते. त्या बैठकीत एप्रिल-मेमध्ये तळ्यात किमान किती पातळी राखायची हे ठरावे, गाळाच्या मोजणीचा अहवाल मांडला जावा आणि धरणग्रस्तांचा प्रतिनिधी मताधिकारासह बसावा. यंदाच्या विषयपत्रिकेत ही तीन कलमे घालण्यापासून खात्याला कुणी अडवलेले नाही.