आधी पाणी, मग बिस्किटं

आजींच्या उशाशी बिस्किटांचे अकरा पुडे होते. मी मोजले. पाच-पाच रुपयांचे, एकावर एक रचलेले, वर लुगड्याची घडी झाकलेली. २०१९ चा ऑगस्ट, मिरज तालुक्यात पूरग्रस्तांची छावणी झालेली एक शाळा, चौथीचा वर्ग, फळ्यावर अजून हातच्याच्या बेरजा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर चढलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५. आजींचं घर कौलांपर्यंत बुडालेलं. पण घराबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. "बाई, पोट नुसतं दगड झालंय बघा. पाच दिस झालं, परसाकडं न्हाई."

मी डॉक्टर म्हणून गेले होते. पोटाला हात लावला तर खरंच टणक होतं. खाली डावीकडे गाठी बोटांना लागत होत्या. काय खाता, असं विचारल्यावर त्यांनी पुड्यांकडे बोट केलं. पाणी किती पिता, याचं उत्तर आलं नाही. शेजारी बसलेली सूनच बोलली. "दिवसाला दोन पेलं. रातीला उठाय लागंल म्हणून दिवस कलला की घोटसुदिक घेत न्हाईत." त्या शाळेत दोनशेच्या वर माणसं होती. वापरण्याजोगे संडास दोन, तेही मैदानाच्या पलीकडे. वाटेत घोटाभर चिखल, आणि अंधार.

आजींचं पोट बिस्किटांनी बिघडलं, असं त्या दिवशी मी वहीत लिहिलं. रात्री ते खोडलं आणि 'पाणी, संडास, बिस्किटं' असं लिहिलं, त्याच क्रमाने. आपत्तीतल्या खाण्याबद्दल आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते पावसाळ्याआधीच सांगितलेलं बरं. धरणांचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की गावोगावच्या मंडळांत ट्रक भरायला घेतात. तेव्हा विचार करायला कुणालाच सवड नसते.

बिस्किट हे संकटातलं वाईट खाणं नाही. टिकतं, चूल लागत नाही, लहान मूलही हातात धरून खातं. पण ते कोरडं आहे. मैदा, साखर, तेल. चोथा जवळजवळ नाही आणि पाणी तर नाहीच. भात खाल्ला की त्याच्याबरोबर पाणी आपसूक पोटात जातं, कारण शिजलेल्या भाताचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतो. आमटी, ताक, पालेभाजी यांतूनही जातं. म्हणजे दिवसाचं बरंचसं पाणी आपण न पिता खात असतो. ताट जाऊन पुडा आला की ते सगळं पाणी एकदम बंद होतं, आणि त्याची भरपाई करायला तांब्या जास्त वेळा तोंडाला लागायला हवा. छावणीत नेमकं उलटं होतं. शरीरात पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातला शेवटचा थेंबही ओढून घेतं. त्यात भीती, जागरण, मोडलेली सकाळची वेळ. आणि संडासाला जायची सोय नाही म्हणून कळ दाबून ठेवणं. दोन-तीन दिवस दाबलेली कळ मग येतच नाही. हे जास्त करून बायकांच्या वाट्याला येतं, आणि लघवीची जळजळही त्यांच्याच.

आजींना आधी कुणीतरी इसबगोल दिलं होतं. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण इसबगोल पाणी शोषून फुगतं, आणि वरून पाणी प्यायलं नाही तर आत चिखलासारखं बसून राहतं. आम्ही ते थांबवलं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, दुपारी मिठाची तांदळाची पेज, आणि संध्याकाळी सुनेबरोबर आणखी एक बाई बॅटरी घेऊन संडासापर्यंत सोबतीला. औषध म्हणाल तर एवढंच. तिसऱ्या दिवशी पहाटे वर्गाच्या दारात उभ्या राहून त्यांनी मला हाक मारली आणि काही न बोलता दोन्ही हात जोडले. मला रडू आलं.

समुद्रावरच्या लोकांनी हा पाण्याचा हिशेब फार आधी मांडून ठेवला आहे. जहाज बुडालं तर उतरायच्या होडीत काय असावं, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. माणशी १०,००० किलोज्यूल, म्हणजे साधारण २,४०० कॅलरी इतकं खाणं आणि ३ लिटर पाणी. हे एका दिवसाचं नाही, सुटका होईपर्यंतचं सगळं. आणि ते खाणं काय, तर पिठाच्या आणि साखरेच्या घट्ट वड्या. त्यात मांस, मासे, डाळी मुद्दाम नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डचे बालरोगतज्ज्ञ जेम्स गॅम्बल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना जवळजवळ उपाशी ठेवून मोजमापं घेतली. दिवसाला १०० ग्रॅम साखर पोटात गेली तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं ते प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, असं त्यांना दिसलं. स्नायू जळले काय किंवा मांस-डाळ पचवली काय, मागे युरिया उरतो, आणि तो बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागतं. मिठाचंही तसंच. म्हणून बुडत्या जहाजावरच्या माणसाला पाणी नसेल तर खाऊ नका, असं शिकवतात. थोडं असेल तर गोड, पिठूळ, तेही थोडं.

आता आपल्या ट्रकमध्ये बघा काय असतं. फरसाण, वेफर्स, शेव, खारे शेंगदाणे, दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स. मीठच मीठ. नूडल्सना तर उकळतं पाणी लागतं, आणि पुरात सगळ्यात आधी जातात ती चूल आणि पिण्याचं पाणी. त्या शाळेच्या व्हरांड्यात पोरं कोरड्या नूडल्स मोडून खात होती आणि मसाल्याची पुडी तळहातावर ओतून चाटत होती. रात्री पोट दुखतं म्हणून रडत होती, पाणी मागत होती. दिवसभर आलेला पिण्याच्या पाण्याचा टँकर एकच होता. ते फरसाण पाठवणाऱ्यांत आमचा मदतगटही होता. आम्हीच पेठेतून पोती उचलली होती.

हा झाला एक त्रास. दुसरा याच्या अगदी उलटा, ओल्या अन्नाचा. पहाटे चारला कुणीतरी माऊलीने जीव ओतून केलेला मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली. पिशवीच्या आत वाफेचं पाणी सुटलं. पाकीट ट्रकमध्ये, मग ट्रॅक्टरवर, मग बोटीत. हातात पडलं तेव्हा दुपारचे तीन. पिशवी उघडली की आंबूस वास. भुकेलं माणूस वासाकडे बघत नाही. शिजवलेल्या भातातही काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. कोमट, ओलसर भात त्यांना फार मानवतो. त्यांच्यातल्या एका जातीचं विष तर पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून शिजवलेलं अन्न चार तासांत पोटात गेलं पाहिजे. नाही पोहोचत तर शिजवून पाठवूच नये. अशा वाटेवर चुरमुरे आणि गूळ-शेंगदाणे बरे.

यावर एक साधी गोष्ट करता येते. स्वयंपाक उतरवल्याची वेळ पाकिटावर लिहायची. 'पहाटे ४.३०' एवढंच. घेणाऱ्याला कळतं, वाटणाऱ्यालाही कळतं. २०२१ च्या पुरात आम्ही ते केलं, दुपारी दीडला पोहोचलेली नव्वद पाकिटं खड्ड्यात पुरली, आणि लोक चिडले. मला त्या चिडण्याचं वाईट वाटलं. तरी परत तेच करीन.

जुलाब लागलेच तर काय करायचं हे आपल्या देशाने जगाला दाखवलं आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून पिंपांत भरल्या आणि आया-बहिणींच्या हातून रुग्णांना पाजल्या. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. ओआरएसच्या पुड्या ट्रकमध्ये बिस्किटांच्या आधी चढाव्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लहान बाळाला घातक ठरतं. आणि जुलाब होतात म्हणून खाणं तोडू नका, पेज चालू ठेवा.

मग पाठवायचं काय आणि घरात ठेवायचं काय? माझं उत्तर सरळ आहे. त्या माणसाच्या पोटाच्या ओळखीचं. जाडे पोहे गार पाण्यातही भिजतात. चिमूट मीठ आणि मेतकूट घातलं की जेवण झालं, गूळ घातला की पोरांचं खाणं झालं. लाह्या, चुरमुरे, दशम्या, नाचणीचं भाजलेलं पीठ. सातूचं पीठ फार कामाचं आहे, कालवलं की तयार, आणि कालवताना पाणी आपोआप पोटात जातं. पण ज्या घरात सातू कधी शिजलं-कालवलं गेलं नाही तिथे ते पहिल्यांदा पुरात देऊ नका. सवय नसलेली डाळ आणि कोंडा मोठ्या आतड्यात गेला की तिथले जंतू त्यावर तुटून पडतात, पोट गुबारतं, कळा येतात. परदेशी बनावटीच्या भारी कॅलरीच्या वड्या काही संस्था पाठवतात. त्याही वाईट नाहीत, पण कुस्करून पाण्यात भिजवून लापशीसारख्या खाव्यात, आणि एका बैठकीत एकच. एका तरुणाने भुकेपोटी सलग चार खाल्ल्या होत्या. त्याची रात्र मी पाहिली आहे.

हे सगळं घरी करून बघता येतं. चार माणसांचं घर असेल तर तीन दिवसांना माणशी रोज ३ लिटर धरून ३६ लिटर पिण्याचं पाणी लागतं. ते आधी बाजूला काढा, मग खाण्याच्या डब्यांना हात लावा. एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत गॅस न पेटवता त्याच डब्यांतलं खा. कोणाचं पोट फुगतं, कोणाच्या दातांना काय चावत नाही, मधुमेह असलेल्या काकांचं काय करायचं, हे त्या एका दिवसात कळतं. क्लोरिनच्या गोळीच्या पाण्याला येणारा वासही मुलांना त्याच दिवशी ओळखीचा होऊ द्या. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, तेही शिकू द्या. दर तीन महिन्यांनी डबे खाऊन संपवा आणि नव्याने भरा.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या मात्र कृपा करून पाठवू नका. १९९२ च्या कायद्याने त्यांचं असं वाटप बंद केलेलं आहे, अनाथालयांचा अपवाद सोडला तर. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली बाळाचा जीव घेऊ शकते. घाबरलेल्या आईला पान्हा उशिरा फुटतो, पण दूध आटत नाही. तिला आडोसा द्या, पाणी द्या, पोटभर जेवण द्या.

एक सूचना बचाव पथकांबरोबर जाणाऱ्यांसाठी. पाच दिवसांहून अधिक काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नाही, अशा माणसाला सापडल्या सापडल्या लाडू-पुरी भरवू नये. उपाशी शरीराला एकदम साखर मिळाली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. १९४५ मध्ये बेल्सनच्या छळछावणीतून सुटलेल्या माणसांना सैनिकांनी मायेने आपलं जेवण दिलं, आणि ते न सोसून अनेक जण गेले. अशा माणसाला पातळ पेज, थोडी थोडी, पहिले दोन दिवस निम्म्या भुकेवर, आणि ताबडतोब दवाखाना.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा आम्ही ट्रक भरायच्या आधी तिथल्या एका अंगणवाडीताईंना फोन लावला. काय पाठवू, म्हणून विचारलं. मला वाटलं तांदूळ म्हणतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, खायला येतंय हो सगळीकडून. तुम्ही झाकणाच्या बादल्या पाठवा. आणि बॅटऱ्या, बायकांपुरत्या तरी."