एका बाजूचं नाक महिनोन्महिने बंद असेल तर

डहाणू, कासा, बोर्डी, तलासरीतल्या सगळ्या घरांना ही विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाचं नाक, त्यातही एकाच बाजूचं, तीन महिन्यांहून जास्त दिवस बंद असेल, वास येणं कमी झालं असेल, घशात मागून घट्ट शेंबूड उतरत असेल, तर ‘सर्दी मुरलीय’ म्हणून गप्प बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. साधं पडसं दहा-पंधरा दिवसांत हटतं. महिनोन्महिने जे हटत नाही त्याचं कारण वेगळं असतं, आणि आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत ते बुरशीची ॲलर्जी असू शकतं.

बुरशी म्हटलं की सगळ्यांना २०२१ आठवतं. कोविडमागून आलेल्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात किती जणांचे डोळे, जबडे आणि जीव घेतले, ते आपण पाहिलंय. त्यामुळे ‘नाकात बुरशी आहे’ एवढं कानावर पडलं तरी माणूस हादरतो, आणि कुणी त्या भीतीनेच तपासायला जात नाही. बुरशीची ॲलर्जी म्हणजे तो आजार नाही. काळी बुरशी मांसात, रक्तवाहिन्यांत घुसते, काही दिवसांतच घात करते, आणि बहुतेक वेळा साखर हाताबाहेर गेलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला गाठते. ॲलर्जीच्या आजारात बुरशी मांसात शिरतच नाही. ती सायनसच्या पोकळीत, शेंबडात अडकून राहते. माणूस धडधाकट असतो, पुष्कळदा ऐन तरुण.

मग बिघडतं कुठे? बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपण सगळेच रोज ते नाकात ओढतो. बहुतेकांचं शरीर त्यांची दखलही घेत नाही. काहींचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजून पेटून उठतं. आतली त्वचा सुजते, तिला पॉलिप, म्हणजे मऊ फुगे, येतात, सायनसची तोंडं बुजतात. आत साचलेला शेंबूड तपकिरी-हिरवट होतो आणि चिकूच्या चिकासारखा चिवट बनतो. नाक कितीही शिंकरा, तो हलत नाही. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी उत्तर भारतातल्या रुग्णांवर बरंच काम केलं आहे. तिथे सर्वांत जास्त सापडते ती ॲस्परजिलस फ्लेवस, म्हणजे ओलसर शेंगदाण्यावर धरणारी बुरशी. आपल्याकडे गवताच्या गंजी, भाताचा पेंढा, पावसात ओल धरलेल्या भिंती या सगळ्यांत बुरशीला घर मिळतं. म्हणून गवत किंवा पेंढा उपसताना नाका-तोंडावर रुमाल घट्ट बांधा. पण सगळा दोष गवताला देऊ नका. काम सोडलं म्हणजे हा आजार बरा होत नाही.

उशीर केला तर साचलेल्या शेंबडाचा दाब वाढत जातो आणि आजूबाजूचं पातळ हाड झिजतं. डोळा एका बाजूला सरकतो किंवा पुढे येतो. आरशात दोन्ही डोळे सारखे दिसत नाहीत, एकाचे दोन दिसतात, नजर अंधूक होते, अशी कुठलीही खूण दिसली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. भगताकडे जायचं असेल तर नंतर जा.

दुकानातून घेतलेले नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याहून जास्त वापरू नका; पुढे त्यांनीच नाक जास्त चोंदतं. दर वेळी नवी अँटिबायोटिक खाऊन उपयोग नाही, कारण मूळ आजार जंतूंचा नाहीच. सगळ्यात फसवं असतं ते झटपट बरं करणारं इंजेक्शन. त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. आठ दिवस नाक मोकळं होतं, माणूस खूश होतो, आणि आत आजार वाढत राहतो.

तपासणी अवघड नसते. डॉक्टर दुर्बिणीने नाक बघतात, सीटी स्कॅन काढतात, रक्तातलं ॲलर्जी दाखवणारं आयजीई पाहतात. काढलेला शेंबूड आणि पॉलिपचा तुकडा प्रयोगशाळेत जातो, तेव्हा निदान पक्कं होतं. उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा दुर्बिणीच्या ऑपरेशनने होते. चेहऱ्यावर काप घेत नाहीत. पण ऑपरेशनने पोकळी साफ होते, ॲलर्जी जात नाही. त्यामुळे हा आजार परत येतो. तो दाबून ठेवायला आधी मोजके दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या आणि पुढे दीर्घकाळ स्टेरॉईडचा फवारा व मिठाच्या पाण्याने नाक धुणं लागतं. इथे स्टेरॉईड डॉक्टरांच्या नजरेखाली असतं, ठरल्या मात्रेत असतं, म्हणून त्याला घाबरू नका आणि मनाने बंदही करू नका. बुरशी मारणाऱ्या गोळ्यांचं काम यात दुय्यम आहे.

नाक धुवायचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं, हंड्यातलं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातला अमीबा क्वचित का होईना, मेंदूपर्यंत जाऊन जीव घेतो. मेडिकलमध्ये मिठाची तयार पुडी मिळते, ती सोपी पडते. पुढे वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीत पाणी सोडायचं, दुसरीतून ते बाहेर येतं. बाटली रोज धुऊन वाळवा.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी खास. घरात कुणाला सिकलसेल असेल, नुसता वाहक असला तरी, ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कार्ड असेल तर दाखवा. आणि पूर्वी टीबी झाला असेल, दमा किंवा साखर असेल, तर स्टेरॉईड सुरू व्हायच्या आधीच बोला. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका.

जवळच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. डहाणूहून लोकल पकडली तर विलेपार्ल्याजवळचं कूपर किंवा मुंबई सेंट्रलजवळचं नायर गाठता येतं. तलासरीकरांना सिल्वासाचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे होईल, आणि राज्याबाहेर ती चालेल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्यांची पुढची तपासणी मध्येच तुटते. निघताना फवारा आणि फाईल पिशवीत टाका. डिस्चार्जचा कागद, तुकड्याचा रिपोर्ट आणि (उजेडासमोर धरून) सीटीची फिल्म या तिन्हींचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात. तिकडे नाक पुन्हा भरायला लागलं तर तिथल्या डॉक्टरांना आधी हे फोटो दाखवा, म्हणजे ते पुन्हा सर्दीच्या गोळ्यांपासून सुरुवात करणार नाहीत.