सहलीचा पैसा बंदीत नाही, हंगामात काढा

मंडळी, १ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी ओढायच्या, शाकारायच्या, जाळी दुरुस्तीला घ्यायची. हे सगळं आपल्याला तोंडपाठ. पण पोरं विचारतात, "आपण कुठे जायचं?" तेव्हा उत्तर नसतं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, तर बाप दर्यात. बाप घरी आला की जूनच्या मध्याला शाळा सुरू. दोघं एकत्र सापडतात ते जेमतेम दोन आठवडे.

"कोळ्याला कसली आलीय सहल?" हे म्हणणं मला पटत नाही. दहा महिने राबल्यावर घरच्यांना घेऊन दोन दिवस फिरणं हा काही माज नाही. प्रश्न आहे तो पैसा कुठून काढता याचा.

बंदीच्या ६१ दिवसांत आवक बंद. इंजिनचं काम, रंग, जाळी, वह्या-पुस्तकं मात्र एकदमच येतात. अशा वेळी सहल ठरली की व्यापाऱ्याकडे उचल मागितली जाते. समजा १२ हजार उचलले आणि त्यापायी किलोमागे ५ रुपये भाव कमी घ्यावा लागला. २,४०० किलो माल गेला की आणखी १२ हजार गेले, आणि मूळ उचल डोक्यावर तशीच! दोन दिवसांच्या मजेला एवढी किंमत का मोजायची?

त्यापेक्षा साधा हिशोब करा. आपल्या पालघर-डहाणूकडच्या पाच माणसांच्या घराला दादरा-सेलवासची दोन दिवसांची सहल धरू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही बदला. प्रवास २,५००, राहणं ३,५००, जेवण ३,०००, तिकिटं नि खाऊ १,५००, अडीअडचणीला १,५००. झाले १२ हजार. हंगाम दहा महिन्यांचा, म्हणजे महिन्याला १,२००. महिन्यात तीन फेऱ्या झाल्या तर फेरीमागे फक्त ४००. डिझेल-बर्फाचा हिशोब मिटला की तेवढे बाजूला काढायचे. एखादी फेरी रिकामी गेली तर पुढच्या फेरीत भर घालायची. तरी नाही जमले, तर दोन दिवसांचा एक दिवस करा. उचल नको.

दादऱ्याचं नाव घेतलं कारण ते जवळ आहे. वापी स्टेशनला उतरून सेलवासकडे निघालं की वाटेतच दादरा लागतं. तिथे वनगंगा तलावाची बाग आहे. पुढे सेलवासहून साधारण ४० किलोमीटरवर दुधनीला मधुबन धरणाचं पाणी आहे, तिथे शिकाऱ्यात बसता येतं. वर्षभर सुकाणू धरणाऱ्याने एकदा तरी दुसऱ्याच्या नावेत आरामात बसावं! मात्र पाऊस-वारा असला तर नावा बंद असू शकतात, आधी चौकशी करा. आणि २२ जुलै १९५४ ला दादरा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं, हेही पोरांना सांगा.

लांब जाणार असाल तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ३ जूनला निघायचं तर ४ एप्रिलला तिकीट काढा. बंदीची तारीख आपल्याला आधीच ठाऊक असते, मग तिकीट शेवटच्या दिवसावर का ठेवायचं? आपल्या एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेही हिशोबात धरा. शनिवार-रविवार टाळा, खोली स्वस्त पडते.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सेलवास म्हटलं की काही जणांना आधी बाटली आठवते. बजेट फुटतं ते तिथेच. वर परत येताना वापीला गुजरातची हद्द लागते, तिथे दारूबंदी आहे. बाटलीसकट सापडलात तर सहलीचा पैसा कोर्टकचेरीत जाईल.

म्हणून हा पैसा घरच्या बाईच्या हाती द्या. बाजारात टोपली घेऊन बसणारीला रुपयाची किंमत कळते. वेगळं खातं काढा किंवा भिशी लावा, पण बोटीच्या गल्ल्यात मिसळू नका. आणि कुठे जायचं, तेही तिला नि पोरांना विचारूनच ठरवा.

ऑगस्टमध्ये बोटी दर्यात उतरतील. नारळ वाहून पहिली फेरी मारून आलात की त्याच दिवशी पहिले ४०० बाजूला काढा. जूनमध्ये पोरं विचारतील तेव्हा उत्तर तयार असेल.