नायकाच्या पानाबाहेरची नायिका

१/ शोनेन मांगा, म्हणजे किशोरवयीन मुलग्यांना समोर ठेवून रचलेल्या जपानी चित्रकथा. त्यांतील महानायकांच्या कथांविषयी एक मत अलीकडे सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते: कथेत प्रेम शिरले की स्त्रीपात्राची वाढ खुंटते. हे मत चुकीचे आहे. ते तपासण्यासाठी टोकियोपर्यंत जावे लागत नाही. सोलापूर पुरेसे आहे.

२/ डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. उरलेले चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, अपस्माराने त्यांचा तिथेच अंत झाला.

३/ महानायकाच्या कथेला लागणारे सारे या आयुष्यात होते: दूरदेश, युद्ध, त्याग, अकाली मृत्यू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. नायक स्वतः शांताराम. नायिका चिंग लान, म्हणजे जयश्री.

४/ पडद्यावरच्या या चिंग लानमागे एक खरी स्त्री होती: ग्वो चिंगलान. ती प्रशिक्षित परिचारिका होती आणि युद्धकाळात परिचर्येचे शिक्षण देत होती. १९४० साली, कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणाच्या वेळी, तिची आणि कोटणीसांची पहिली भेट झाली. हा परदेशी डॉक्टर चिनी भाषा बोलतो, इतकेच नव्हे तर लिहितोही, याचे तिला अप्रूप वाटले.

५/ या भेटीचा क्रम ध्यानात घ्यावा. ती त्याची वाट पाहत बसलेली नव्हती. युद्धात ती स्वतःच्या निर्णयाने उतरली होती. तिचे काम, तिचे कौशल्य, तिची निष्ठा ही सारी त्याच्या आगमनाआधीची होती. १९४१च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

६/ चित्रपट या स्त्रीचा अनादर करत नाही. त्याचा दोष त्याहून सूक्ष्म आहे: तो तिला नायकाच्या परिघाबाहेर जाऊ देत नाही. प्रेम, लग्न, मातृत्व, वैधव्य या चार पायऱ्या ती चढते आणि चारही पायऱ्या त्याच्याच घराच्या असतात. शेवटी तर ती बाळाला घेऊन सोलापूरला, सासरच्या दारी येते. नायक गेला, तेव्हा नायिकेने त्याच्या घरी पोहोचावे. कथेच्या लेखी तिची इतिकर्तव्यता तेवढीच.

७/ इतिहास निराळा आहे. पतीच्या मृत्यूनंतर ग्वो चीनमध्येच राहिली. तिने पुनर्विवाह केला. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. ते दुःखही तिने पचवले. ती पुढे भारतात आली ती पाहुणी म्हणून, आश्रित सून म्हणून नव्हे. कोटणीसांबरोबरच्या सहजीवनाच्या आठवणी तिने स्वतः लिहिल्या. २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर, दालियान शहरात तिचे निधन झाले.

८/ म्हणजे नायकाच्या मृत्यूनंतर नायिका जवळपास ७० वर्षे जगली. चित्रपटाला त्यातले एक वर्षही कल्पिता आले नाही. १९४६ साली पुढचे कोणाला ठाऊक असणार, हा बचाव अर्धाच खरा. पुढचे आयुष्य ठाऊक नव्हते. पण ती सोलापूरला आलेली नाही, हे तर ठाऊक होते. तरीही तिला आणले गेले, कारण नायककथेला तसा शेवट हवा होता.

९/ आता मूळ प्रश्न. ग्वोला प्रेमाने लहान केले काय? प्रत्यक्ष आयुष्यात नाही. तिथे प्रेम, व्यवसाय आणि युद्ध एकाच वेळी चालू होते आणि एकाने दुसऱ्याला गिळले नाही. लहान केले ते पटकथेने. प्रेम दाखवले म्हणून नव्हे, तर प्रेमाखेरीज तिच्या नावावर काहीच ठेवले नाही म्हणून.

१०/ यावर ठरलेले उत्तर येते: तो काळच तसा होता. हे उत्तर शांतारामांच्याच कारकिर्दीपुढे टिकत नाही. ‘कुंकू’ १९३७चा, त्यातली नीरा जरठ वराशी फसवून लावलेले लग्न मनाने मान्यच करत नाही. ‘माणूस’ १९३९चा, आणि तो तर प्रेमकथाच आहे. त्यातली मैना पोलीस शिपाई गणपतवर प्रेम करते. पण तो तुरुंगातून सोडवायला येतो, तेव्हा सुटका नाकारण्याचा निर्णय तिचा असतो. प्रेम केंद्रस्थानी आहे आणि पात्र तसूभरही खुजे झालेले नाही. तेव्हा अडचण काळाची नव्हती. ‘अमर’ नायक घडवायचा ठरला, तेव्हा नायिका आखडली.

११/ हेच माप मांगाला लावून पाहावे. कोहेई होरिकोशी यांची ‘माय हीरो अकॅडेमिया’ २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे ‘वीकली शोनेन जंप’मध्ये चालली. तिच्यातील ओचाको उराराका महानायक होऊ पाहते ती आईवडिलांसाठी; त्यांचा बांधकामाचा छोटा व्यवसाय नीट चालत नाही. हे कारण तिचे स्वतःचे आहे, रोकडे आहे, आणि नायक मिदोरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

१२/ पुढे तिला मिदोरियाविषयी प्रेम वाटू लागते आणि ती ते मनाच्या कप्प्यात बंद करून ठेवते: आधी कर्तव्य, मग भावना. येथे टीकाकार म्हणतात, पाहा, प्रेमाने पात्र अडवले. खरे तर उलट प्रश्न विचारायला हवा. प्रेम आणि प्रगती यांपैकी एक निवडण्याची सक्ती तिच्यावरच का? नायकावर ती वेळ कथा कधी आणते? भावना हा तिच्यासाठी शिस्तीचा प्रश्न ठरतो, त्याच्यासाठी प्रश्नच ठरत नाही. बिघाड या विषम वाटणीत आहे.

१३/ आणि ओचाको सर्वांत उंच होते ती कुठे? हिमिको तोगाशी झालेल्या अखेरच्या संघर्षात. शत्रुपक्षातल्या या मुलीच्या लेखी प्रेम म्हणजे रक्ताची ओढ. दोघी प्रेमाविषयीच बोलतात, आणि शेवटी तोगा स्वतःचे रक्त देऊन ओचाकोचा प्राण वाचवते. प्रेम तिथे नायिकेच्या कपाळावरची चिठ्ठी राहत नाही. तो विचाराचा विषय होतो. प्रेम वगळून हा प्रसंग लिहिताच आला नसता.

१४/ ‘नारुतो’तील साकुराचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. ती त्सुनादेची शिष्या, निष्णात वैद्य. तरी वाचकांच्या स्मरणात उरते ती सासुकेमागे झुरणारी मुलगी. पण दोष झुरण्याचा नाही. तिने त्याच्यात नेमके काय पाहिले, हे कथा पटेल असे सांगतच नाही. ज्या प्रेमाला कारण दिलेले नाही, ते वाचकाला खोडच वाटणार.

१५/ याउलट हिरोमू अराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’. तीत महानायकांचे पोशाख नाहीत, पण मासिक शोनेनच आणि वाचकवर्गही तोच. विन्री रॉकबेल कृत्रिम हातपाय घडवते. नायक एडवर्ड तिने घडवलेल्या पायावर उभा असतो. तिचे आईवडील डॉक्टर. युद्धात दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करताना मारले गेले. एके दिवशी त्यांचा मारेकरी तिच्यासमोर जखमी येतो, आणि ती त्याला मलमपट्टी करते. तो निर्णय एडवर्डसाठी नसतो. त्या दोघांचे प्रेमही कथेत आहे, लग्नही आहे. विन्री त्यामुळे उणी होत नाही.

१६/ म्हणून ‘मुलग्यांसाठीच्या कथा अशाच असायच्या’ हा बचाव लंगडा आहे. त्याच साच्यात, त्याच वाचकांसाठी, विन्री लिहिता आली. आणि ‘प्रेमच काढून टाका’ हा उपायही आळशी आहे. प्रेमावाचून वाढलेली नायिका हा स्त्रीपात्राचा आदर्श मानला, तर प्रेम करणारी स्त्री अपुरी असते, हे आपण निमूटपणे मान्य केले. जुन्या पटकथेचा समज हाच होता. फक्त बाजू बदलली.

१७/ कसोटी साधी आहे. नायक पानावर नसताना ती काय करते? प्रेमाची किंमत दोघे मोजतात की एकटी ती? तिच्या प्रेमाला कारण आहे का? या प्रश्नांना कथा उत्तर देत असेल, तर प्रेम कितीही असो, पात्र उभे राहते. देत नसेल, तर प्रेम वगळूनही ते पुठ्ठ्याचेच राहील.

१८/ हा वाद केवळ मनोरंजनाचा नाही. नायककथा गाजली की तीच लोकांच्या स्मरणात इतिहास म्हणून रुजते. सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणीसांच्या वास्तूचे स्मारक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या पत्नीची ओळख विचारली, तर ‘डॉक्टरांची चिनी बायको’ एवढ्यावर ती संपू नये. ती परिचारिका होती, शिक्षिका होती, युद्धात स्वतःहून उतरलेली स्त्री होती. आणि तिने प्रेमही केले होते. यातले शेवटचे वाक्य पहिली तीन खोडून टाकत नाही. खोडणारा हात लेखकाचा असतो.