निवेदनानं गिऱ्हाईक परत येत नाही

रविवारी व्यापाऱ्यांची बैठक झाली. बातमी दिलीच आहे, पण बातमीत लिहिता येत नाही ते इथं लिहितोय. रागावणारे रागावतील, त्यातले निम्मे माझे शाळेतले मित्रच आहेत.

बायपासला मोठं सुपरमार्केट येतंय. कुणाचं ते अजून नक्की नाही, पण सगळे त्याला डी-मार्टच म्हणतायत. दीड तासात ठराव झाला: तहसीलदारांना निवेदन, नगराध्यक्षांना निवेदन, एक दिवस बाजारपेठ बंद. "त्यांच्याकडं पैसा आहे, ते तोट्यात विकतात, आपण काय करणार?" हे वाक्य मी दहा वेळा तरी ऐकलं.

अहो, डी-मार्ट तोट्यात विकत नाही, चांगलं नफ्यात चालतं. आणि नुसत्या पैशावर दुकानं चालली असती तर 'सुभिक्षा' बुडाली नसती. चेन्नईची कंपनी, १९९७ ची. २००८ पर्यंत देशभर १६०० च्या आसपास दुकानं काढली. जागा भाड्याच्या, वाढ कर्जावर. २००९ उजाडलं आणि रोकड संपली, शटर खाली. बिग बझारचं तर कालपरवाचं आहे. भाडी थकली आणि २०२२ मध्ये रिलायन्सनं त्या जागांचे करार आपल्याकडं घेऊन दुकानं ताब्यात घेतली. हे काय लहान लोक होते?

डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ ला पवईत निघालं. मालक राधाकिशन दमाणी शेअर बाजारातले, पैशाला तोटा नव्हता. तरी २०१७ ला कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा, म्हणजे पंधरा वर्षांनी, दुकानं होती सव्वाशेच्या आसपास. सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवल्या आणि धरून ठेवल्या. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे दर महिन्याला भाड्याची धास्ती नाही. नवं दुकान जुन्याच्या जवळच्या भागात, म्हणजे मालाची वाहतूक स्वस्त. माल रोजच्या वापराचा, झटपट खपणारा. सजावटीवर उधळपट्टी नाही. आणि माल देणाऱ्याचे पैसे आठ-दहा दिवसांत.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण आपलं घोडं इथंच अडलंय. ज्याला पैसे लवकर मिळतात तो भाव कमी लावतो. आपल्याकडचा होलसेलवालासुद्धा रोखीला शेकड्यामागं दोन रुपये सोडतो. महिन्याच्या उधारीवर माल उचलला की ते दोन रुपये गेले. वर्षाचा हिशोब केला तर चोवीस टक्के व्याज झालं की राव! कुठली बँक एवढं घेते? आणि आपण उधारीवर का उचलतो? तर आपलेच पैसे गिऱ्हाइकांकडं अडकलेत.

हे मी लांबून सांगत नाहीये. माझ्या वडिलांचं किराणा दुकान याच पेठेत होतं. ते कुठल्या मॉलनं नाही बुडवलं, तेव्हा मॉल होताच कुठं. उधारीच्या वहीनं बुडवलं. ती वही अजून माळ्यावर आहे. त्यातली काही नावं रविवारी समोरच बसली होती, असो.

आता गंमत बघा. जी गोष्ट मिळवायला डी-मार्ट कोट्यवधी रुपये घालतं, ती स्वतःची जागा आपल्या पेठेतल्या निम्म्या लोकांकडं आजोबांपासून आहे. भाडं शून्य! पण ती आपली ताकद आहे हे कुणाच्या हिशोबातच नाही. उलट पुढचा अर्धा गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं दिलाय आणि मागं अंधारात साखरेची पोती.

पेठेतल्या एकानं पाच वर्षांपूर्वी साबण, शाम्पू, बिस्किटं ठेवणं बंद केलं. लोक हसले. त्यानं धान्य, डाळी, कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि उपवासाची पिठं एवढंच धरलं. घरच्याच जागेत मागं चक्की टाकली. उधारी फक्त पगारदार ठरलेल्या घरांना, तीही दहा तारखेपर्यंत. पहिलं वर्ष जड गेलं, त्यानंच सांगितलं. आज जिल्ह्याला रविवारी ट्रॉली भरायला जाणारी माणसं येताना भाजणी त्याच्याकडूनच घेतात. बैठकीला तो आला नव्हता. मसाल्याचा सीझन आहे म्हणाला.

सगळ्यांनी चक्की टाकावी असं मी म्हणत नाही, तशानं चाळीस चक्क्या होतील आणि सगळ्याच बंद पडतील. शाम्पूच्या भावात डी-मार्टशी भांडून आपण हरणारच. काहीजणांचं दुकान वाचणारही नाही, हे खोटं कशाला बोला. पण प्रत्येकानं काय सोडायचं हे ठरवलं पाहिजे, आणि आपल्याला तेच जमत नाही. सगळं ठेवायचं, सगळ्यांना उधार द्यायचं, कुणालाच नाही म्हणायचं नाही. वीस जणांनी मिळून तेल-साखर रोखीनं उचलायची, ही सूचना बैठकीत आली होती बरं का. दोन मिनिटांत विषय संपला, कारण दुसऱ्याला आपला खप कळेल! बंदच्या तारखेवर मात्र पाऊण तास चर्चा.

पुढची बैठक गुरुवारी संध्याकाळी सहाला. निवेदनाचा मसुदा मलाच लिहायला सांगितलाय, लिहून देतो. पण त्याआधी ते वीस जण कोण, याची यादी करायला कोरा कागद घेऊन येणार आहे. ज्यांना नाव घालायचंय त्यांनी आधी फोन केला तरी चालेल.