कर्लच्या साध्या बगला १० पैकी ९.८ कुणी दिले?

तुमच्या फोनमधल्या कितीतरी अ‍ॅपच्या पोटात ‘कर्ल’ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर असतं. नेटवरून डेटा आणायचा-पाठवायचा, हे त्याचं काम. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या नावावर अचानक एक त्रुटी झळकली: सीव्हीई-२०२०-१९९०९. अमेरिकेच्या सरकारी डेटाबेसने तिला स्कोअर दिला १० पैकी ९.८, म्हणजे ‘क्रिटिकल’.

सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची जगभर वापरली जाणारी यादी. कंपन्यांचे स्कॅनर त्यातला नंबर आणि स्कोअर बघून धोक्याची घंटा वाजवतात.

आता मुळात भानगड काय होती? डाउनलोड फसला तर किती सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, हे कर्लला सांगता येतं. तिथे अवाढव्य आकडा टाकला की हिशेब गंडायचा आणि कर्ल ठरल्यापेक्षा खूपच कमी थांबायचं. बस्स! तो आकडाही कमांड देणाऱ्यानेच टाकायचा. शिवाय ही चूक २०१९ मध्येच दुरुस्त झाली होती.

कर्लचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांना न विचारताच ही नोंद झाली होती. ते जाहीरपणे भडकले. स्कोअर ३.३ वर आला, पण नोंद काही रद्द झाली नाही. ‘वादग्रस्त’ असा शेरा मारून तिच्यात लिहिलं गेलं की, थिअरीत यातून ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ होऊ शकतं.

डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणजे डेटा चोरी नव्हे, तर सेवा ठप्प करणं. हा धोका खोटा नाही. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली, कारण एका पोस्टमध्ये सुमारे २० हजार स्पेस सलग आल्या होत्या. त्या छाटणारा रेग्युलर एक्स्प्रेशन सर्व्हरचा सगळा दम खाऊन बसला. इथे इनपुट बाहेरच्या कुणाही माणसाकडून येऊ शकत होतं. कर्लच्या बाबतीत तसं नव्हतं.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. नोंदीत इनपुट कुणाच्या हातात आहे आणि सेवा किती वेळ अडकते, हेच नसेल तर तो नंबर फुकट पळापळ करायला लावतो. आणि पळतं कोण? बऱ्याचदा पगाराशिवाय कोड सांभाळणारा माणूस.

जानेवारी २०२४ पासून कर्लच्या सीव्हीई नोंदी कर्लचं प्रोजेक्ट स्वतःच करतं. एकाच माणसाच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या पॅकेजांना मात्र एवढी उस्तवार परवडत नाही.