काचेच्या भांड्यातील जीव



या सदरातून आपण मुलांचा अभ्यास, घरखर्चाची वही, आजारपण, लग्नातील उधळपट्टी अशा विषयांवर नेहमी बोलतो. आज विषय एका माशाचा आहे. काहींना वाटेल, माणसांचे प्रश्न संपले काय, म्हणून माशाची गोष्ट काढली? परंतु हा मासा, ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो, तो आता आपल्याही पुष्कळ घरांत आला आहे. कुणी वाढदिवसाची भेट म्हणून देतो, कुणी रविवारच्या बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो. टी.व्ही.शेजारी गोल काचेच्या भांड्यात तो ठेवला जातो आणि दोन-तीन महिन्यांत मरतो. मग दुसरा आणला जातो. पहिला का मेला, हे मात्र कुणी विचारत नाही. आजचे चार शब्द त्या ‘का’साठी आहेत.

आमच्या वस्तीतील एका भगिनी धुण्याभांड्याची कामे करतात. त्यांच्या मालकिणीने कुणा वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवले होते. मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले’ असे समाधान मानायचे, अशी तिथली समजूत. एकेक करून आठ मासे संकटे घेऊन गेले. शेवटी एक सोनेरी मासा उरला. त्याचाही कंटाळा आल्यावर तो चार लिटरच्या भांड्यात घालून, ‘घेऊन जा, तुझी मुलगी खेळेल’ म्हणून या भगिनींना देऊन टाकला.

मुलगी सातवीत शिकते. ती मला बोलवायला आली आणि म्हणाली, “काका, मासा सारखा वर येऊन तोंड उघडतोय. त्याला भूक लागली असेल का?” जाऊन पाहिले तर पाणी गढूळ, पिवळट. भांड्याच्या तळाशी सडलेल्या खाद्याचा थर. माशाची शेपटी कडेने झिजून चिंध्या झालेली, परांवर लाल रेषा, अंगावर काळे डाग. मुलीची आजी म्हणाली, “राहू दे रे बाबा. आपल्यावरचं काही असेल, ते घेऊन जाईल तो.”

मी म्हणालो, “आजी, त्याच्यावर संकट आहे ते पाण्याचं. ते त्याला कुणी दिलंय, ते आधी बघू या.”

कारण काय असते?

मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात त्याची घाण मिसळते. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेले खाद्य सडले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. तळ्यात पाणी भरपूर असते आणि तिथले जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषे आहेत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. चार लिटरच्या, गाळणी नसलेल्या भांड्यात त्यांना थारा मिळत नाही. तेव्हा वर येऊन तोंड उघडणारा मासा बहुधा भुकेलेला नसतो, तो गुदमरलेला असतो. अशा वेळी दया येऊन आपण आणखी खाद्य टाकले, तर ते विषातच भर घालणे होय.

पहिले आठ दिवस

पहिली गोष्ट, खाद्य बंद. दोन-तीन दिवस न खाल्ल्याने गोल्डफिश मरत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी बदलणे. परंतु सगळे एकदम बदलू नये. महिनोन्‌महिने न बदललेले पाणी आम्लधर्मी झालेले असते आणि अशा पाण्यात अमोनियाचा जहालपणा दबलेला असतो. एकदम ताज्या पाण्याचा लोट ओतला की तोच अमोनिया जहाल होतो आणि मासा तासाभरात मरू शकतो. मग लोक म्हणतात, ‘पाणी बदलले तर मेला, म्हणून आम्ही बदलतच नाही.’ याकरिता पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा सकाळी आणि पाचवा हिस्सा संध्याकाळी, इतकेच पाणी बदलावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तसेच करावे.

तिसरी गोष्ट, पाणी कोणते? नळाच्या पाण्यात आपल्या आरोग्यासाठी क्लोरिन घातलेले असते. तेच माशाचे कल्ले भाजून काढते. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच वापरावे. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरिन घालविणारे थेंब मिळतात. भांडे प्लास्टिकचे असावे आणि त्याला साबण कधी लागलेला नसावा. तांब्या-पितळेच्या हंड्यातील पाणी वापरू नये, कारण तांबे माशाला विषारी असते. नवे पाणी जुन्या पाण्याइतकेच थंड वा कोमट असावे.

चौथी गोष्ट, हवा. छोटा हवेचा पंप आणि स्पंजची गाळणी मिळाली तर उत्तम. वीज गेली तर मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा त्याच पाण्यात हळूहळू ओतत राहावे, म्हणजे हवा मिसळते. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात भांडे सावलीत, वाऱ्याच्या बाजूला ठेवावे.

पाचवी गोष्ट, मीठ. लिटरला एक ग्रॅम जाडे मीठ वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे घालावे. त्याने नायट्राइटचा त्रास कमी होतो आणि आजारी माशाच्या शरीरावरचा ताण हलका होतो. मात्र मीठ उडून जात नाही. म्हणून पाणी बदलताना जेवढे नवे पाणी घातले, तेवढ्याच्याच हिशेबाने मीठ घालावे.

चौथ्या दिवशी त्या घरी पन्नास लिटरचा नवा प्लास्टिकचा टब आला. काचेच्या टाकीला परवडणारे पैसे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. शोभा थोडी कमी झाली, पण माशाला वळायला जागा मिळाली. मासा भांड्यातच ठेवून टबातले पाणी वाटी-वाटीने त्यात मिसळत गेलो आणि तासाभराने त्याला टबात सोडले. त्यानंतर रोज अर्धी बादली पाणी बदलायचे ठरले. पाणी दिवसातून एकदाच येते, तेव्हा हा भार लहान नाही. पण वहिनींनी तो हिशेबात बसवला.

मुलीला मी एक वही आखून दिली. तारीख, किती पाणी काढले, किती घातले, खाद्य, मासा कसा दिसला, असे पाच रकाने. दुकानात जशी रोजकीर्द तशी ही माशाची रोजकीर्द. नवव्या दिवशी तिने लिहिले, ‘आज तोंड वर करत नाही.’ पंधराव्या दिवशी झिजलेल्या शेपटीच्या कडेला पातळ, काचेसारखी नवी कड दिसू लागली. काळे डाग वाढले तेव्हा ती घाबरली. परंतु अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना पुष्कळदा काळी पडते आणि पुढे ते डाग फिके होतात. दीड महिन्यात शेपटी जवळजवळ भरली. आता आठवड्यातून एकदा एक बादली पाणी बदलले की पुरते. मीठही बंद झाले आहे. त्यामुळे काढलेले पाणी गॅलरीतील झाडांना जाते आणि झाडेही जोमाने वाढतात.

खाद्य आणि औषध

बऱ्या झालेल्या माशाला दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, दिवसातून एक-दोनदा द्यावे. गोल्डफिशला पोट म्हणावे असा अवयव नसतो, अन्न सरळ आतड्यात जाते. म्हणून थोडे खाद्य द्यावे. आठवड्यातून एकदा उकडलेला हिरवा वाटाणा साल काढून, कुस्करून द्यावा, म्हणजे कोठा साफ राहतो. स्पंज टबातून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा. नळाखाली धुतला तर उपयोगी जीवाणू मरतात.

मासा आजारी दिसला की माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणारे लोक आहेत. हे करू नये. रोग न ओळखता टाकलेले प्रतिजैविक उपयोगी जीवाणूंना मारते आणि रोगजंतूंना मात्र निर्ढावते. निळ्या औषधानेही उपयोगी जीवाणूंचे नुकसान होते, म्हणून ते द्यायचेच तर वेगळ्या बादलीत द्यावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो परोपजीवीचा रोग आहे, त्याचे औषध वेगळे असते. अंग फुगून खवले उभे राहिले तर मासा वाचण्याची आशा थोडीच. सगळे जीव वाचतातच असे खोटे आश्वासन मी देणार नाही. परंतु पुष्कळ मासे रोगाने नव्हे, पाण्याने मरतात, हे लक्षात ठेवावे.

प्रज्ञा आणि करुणा

गोल्डफिशची कथा आपल्या धम्माशीही जोडलेली आहे. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, म्हणजे इ.स. ६१८ ते ९०७ दरम्यान, बौद्ध उपासक पकडलेल्या प्राण्यांना जीवदान देऊन विहाराजवळच्या तळ्यांत सोडीत. करड्या माशांत क्वचित निपजणारा सोनेरी मासा अशा तळ्यांत सुरक्षित राहिला. पुढे सुंग राजवटीत तो पाळला जाऊ लागला. करुणेच्या तळ्यात जपलेला हा मासा आज चार लिटरच्या भांड्यात, माणसांची संकटे अंगावर घेण्यासाठी ठेवला जातो. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे जगतो. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ साली त्रेचाळिसाव्या वर्षी मेला. त्याच्यावर त्रेचाळीस वर्षे कुठले संकट आले नाही, कारण कुणीतरी त्याचे पाणी बदलत होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याचा प्रसंग दिला आहे. आपल्याच घाणीत पडलेल्या त्या भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. तिथे मंत्र नव्हता, नवस नव्हता. पाणी होते आणि हात होते. करुणेला प्रज्ञेची जोड नसेल, तर दया आलेला माणूस गुदमरणाऱ्या माशापुढे खाद्य टाकतो. प्रज्ञेला करुणेची जोड नसेल, तर सगळे कळूनही पाणी बदलायला कुणी उठत नाही.

आणि पाण्याची किंमत आपल्याला दुसऱ्याने सांगावी असे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे ज्या पाण्यासाठी गेली, ते पाणी गुराढोरांना मोकळे होते, माणसांना बंद होते. आपले दुःख हे पूर्वजन्मीचे फळ आहे, असे आपल्याला शतकानुशतके सांगितले गेले. बाबासाहेबांनी त्याचे कारण दाखवून दिले, तेव्हा ते दूर करण्याचा रस्ता मिळाला. दुसऱ्याच्या मरणाला ‘आपली पीडा गेली’ म्हणणे आपल्या घरात तरी शोभत नाही, मग तो दुसरा एक मासा का असेना.

म्हणून सांगणे एवढेच. पन्नास लिटर पाण्याची आणि रोजच्या पाच मिनिटांची सोय नसेल तर मासा घरी आणू नका आणि कुणाच्या वाढदिवसाला भेटही देऊ नका. त्या पैशांत पुस्तक द्या. घरी असलेला मासा नकोसा झाला म्हणून पुण्य समजून तलावात वा नदीत सोडू नका. तो तिथले मूळचे मासे आणि वनस्पती यांचा नाश करतो. सांभाळ करील अशा घरी द्या. आणि मासा असेल तर आज संध्याकाळीच एक बादली पाणी उघडे भरून ठेवा. ते काम मुलांना सांगा, सोबत एक वही द्या. मासा वाचेल की नाही हे त्याच्या प्रकृतीवर आहे, पण कारण शोधण्याची सवय मुलांच्या अंगी राहील.

जयभीम.